ए प्लस प्रमाणपत्राची तयारी : प्रकल्प नोंदी

२ जून २०२५

आजपासून संगणक साहाय्य तंत्रज्ञाच्या प्राथमिक प्रमाणपत्राची, म्हणजे कॉम्पटिया या संस्थेच्या ए प्लस परीक्षेची तयारी सुरू करत आहे. हे प्रमाणपत्र १९९३ पासून दिले जाते आणि त्यासाठी कोअर १ व कोअर २ अशा दोन स्वतंत्र परीक्षा उत्तीर्ण व्हाव्या लागतात. प्रत्येक परीक्षेला ९० मिनिटे आणि जास्तीत जास्त ९० प्रश्न असतात. गुण १०० ते ९०० या मापावर मिळतात. उत्तीर्ण होण्यासाठी कोअर १ मध्ये ६७५ आणि कोअर २ मध्ये ७०० लागतात. हे माप शेकडेवारीचे नसल्यामुळे अमुक इतके प्रश्न बरोबर आले की पुरे, असा हिशेब मांडता येत नाही.

पहिला निर्णय मालिकेचा होता. माझ्याजवळची जुनी टिपणे २२०-११०१ आणि २२०-११०२ या परीक्षांची आहेत आणि त्या परीक्षा २५ सप्टेंबर २०२५ रोजी बंद होत आहेत. २२०-१२०१ आणि २२०-१२०२ ही नवी मालिका २५ मार्च २०२५ रोजी सुरू झाली आहे. दोन्ही परीक्षा एकाच मालिकेतल्या असाव्या लागतात, आणि काम सांभाळून सप्टेंबरपूर्वी दोन्ही देणे मला जमणार नाही. म्हणून नवी मालिका निवडली. जुनी टिपणे टाकून देण्याचे कारण नाही, कारण बराचसा भाग तोच आहे, पण नव्या उद्दिष्टसूचीशी ओळ न् ओळ ताडून पाहिल्याशिवाय त्यांतले काहीही वाचायचे नाही असे ठरवले.

कोअर १ मधील भार असा आहे : मोबाइल उपकरणे १३ टक्के, नेटवर्किंग २३, हार्डवेअर २५, व्हर्च्युअलायझेशन (एका संगणकात अनेक आभासी यंत्रे चालवणे) आणि क्लाउड ११, आणि हार्डवेअर व नेटवर्कमधील बिघाड शोधणे २८. सर्वांत मोठा वाटा बिघाड शोधण्याचा असल्यामुळे केवळ वाचनावर आधारलेला आराखडा बाजूला ठेवला. जे जे वाचेन ते शक्य तितके हाताने करून पाहायचे आणि प्रत्येक प्रयोगाची नोंद याच वहीत ठेवायची.

९ जून

सरावाचे टेबल तयार झाले. त्यावर दोन जुने डेस्कटॉप, एक लॅपटॉप, एक राउटर आणि एक लेझर प्रिंटर आहे. डेस्कटॉपना क्रमांक १ आणि क्रमांक २ अशी लेबले लावली आणि प्रत्येकाचा स्वतंत्र कागद केला, ज्यावर आतल्या सर्व भागांची नावे, क्षमता आणि सुरुवातीची स्थिती लिहिली आहे. कॅबिनेट उघडण्यापूर्वी आणि प्रत्येक केबल काढण्यापूर्वी छायाचित्र काढायचे हा नियम केला आहे.

स्थिर विद्युतभारापासून संरक्षणासाठी मनगटी पट्टा वापरत आहे, पण एसएमपीएसला (आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याला) हात लावताना तो काढून ठेवायचा आणि एसएमपीएसचे आवरण तर कोणत्याही परिस्थितीत उघडायचे नाही. त्यातील कॅपॅसिटरमध्ये वीज काढल्यानंतरही भार शिल्लक राहू शकतो. हा भाग पुस्तकांत एका ओळीत संपतो, परंतु नव्याने हे काम शिकणाऱ्याला कोणीतरी तो समोर बसवून सांगितला पाहिजे असे मला मनापासून वाटते.

१४ जून

रॅम आणि साठवण. डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या दोन पिढ्यांच्या डेस्कटॉप पट्ट्यांना २८८ पिनाच असतात, पण खाचेची जागा वेगळी असल्यामुळे एक दुसऱ्याच्या जागेत बसत नाही; लॅपटॉपच्या पट्ट्यांत मात्र पिनांची संख्याही बदलते, डीडीआर४ ला २६० आणि डीडीआर५ ला २६२. एम.२ बद्दलचा माझा गैरसमज आज दूर झाला. एम.२ हे आकाराचे आणि जोडणीचे नाव आहे, वेगाचे नाही. २२८० लिहिलेली पट्टी २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब असते, आणि तिच्यावर साटा धावतो की एनव्हीएमई (साठवणीशी बोलण्याच्या दोन वेगळ्या पद्धती) हे वेगळे पाहावे लागते. मदरबोर्डवरील जागा फक्त एनव्हीएमईसाठी असेल, तर साटा पट्टी तिथे नीट बसूनही संगणकाला दिसत नाही.

२१ जून

आजची चूक सविस्तर लिहून ठेवत आहे, कारण तिने पुढच्या कामाची पद्धत बदलली.

संगणक क्रमांक २ मधील रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढून पुन्हा बसवल्या आणि त्यानंतर एक वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवले. वीज सुरू केल्यावर पंखे फिरले, दिवा लागला, पण पडदा काळाच राहिला. तासाभरापूर्वी रॅमला हात लावलेला असल्यामुळे रॅम नीट बसली नसावी अशी माझी खात्री झाली. मी दोन्ही पट्ट्या काढून त्यांच्या जागा बदलल्या. हात लागलाच आहे तर केबलही जुनी आहे म्हणून मॉनिटरची केबल बदलली. आणि तेवढ्यावर न थांबता मदरबोर्डवरची बॅटरी पाच मिनिटे काढून सेटिंग मूळ स्थितीत आणली. हे तिन्ही बदल एकापाठोपाठ केले आणि मध्ये एकदाही संगणक सुरू करून पाहिला नाही.

पडदा उजळला. मात्र त्यावर सुरू होण्यासाठी डिस्क सापडत नसल्याचा संदेश होता. म्हणजे एक बिघाड गेला, तो का गेला हे मला सांगता येत नव्हते, आणि त्याच्या जागी माझ्याच हाताने दुसरा आला होता. दुसऱ्याचे कारण शोधायला बराच वेळ लागला. या डिस्कची विभागणी जुन्या एमबीआर पद्धतीची आहे आणि संगणक आधी जुन्या बायोस पद्धतीने सुरू होत असे. बॅटरी काढल्यामुळे सेटिंग कारखान्यातल्या मूळ स्थितीत गेले, ज्यात फक्त यूईएफआय ही सुरू होण्याची नवी पद्धत चालू होती. ती बदलल्यावर विंडोज सुरू झाले. अंतर्गत घड्याळही कित्येक वर्षे मागे गेले होते, ते दुरुस्त केले.

ए प्लसच्या उद्दिष्टसूचीत बिघाड शोधण्याच्या सहा पायऱ्या दिल्या आहेत : समस्या ओळखणे, संभाव्य कारणाचा अंदाज बांधणे, अंदाज तपासणे, कृतीची योजना आखून ती अमलात आणणे, संपूर्ण यंत्रणा नीट चालते का याची खात्री करून आवश्यक तर प्रतिबंधक उपाय योजणे, आणि जे आढळले व जे केले त्याची नोंद करणे. या पायऱ्या मला पहिल्याच आठवड्यात तोंडपाठ झाल्या होत्या. आज मी दुसरीवरून थेट चौथीवर गेले, आणि तेही एका अंदाजासाठी तीन कृती घेऊन.

२२ जून

काल केलेले बदल आज एकेक करून उलटे फिरवले आणि प्रत्येक बदलानंतर संगणक सुरू करून पाहिला. रॅमच्या पट्ट्या मूळ जागी ठेवल्या, चित्र आले. जुनी केबल नव्या केबलच्या जागी लावली. तरीही चित्र आले. बॅटरीचा प्रश्न उरत नव्हता, कारण सेटिंग मी काल पुन्हा बदललेले होते. यानंतर सुमारे वीस मिनिटे काही सुचले नाही. मग उघडण्यापूर्वी काढलेले छायाचित्र पाहिले आणि उत्तर त्यात होते. मॉनिटरची केबल मूळची मदरबोर्डच्या जोडणीत होती. कार्ड बसवल्यावर मी ती सवयीने त्याच जागी परत लावली होती, आणि वेगळे कार्ड आढळल्यावर या मदरबोर्डने आपली स्वतःची जोडणी बंद केली होती. काल केबल बदलताना नवी केबल माझ्या नकळत कार्डाच्या जोडणीत गेली. पडताळणीसाठी केबल पुन्हा मदरबोर्डला लावली, पडदा काळा. कार्डाला लावली; चित्र आले. रॅमचा काहीही संबंध नव्हता.

दुसऱ्या पायरीच्या खाली उद्दिष्टसूचीत एक छोटी सूचना आहे, की उघड दिसणाऱ्या गोष्टींवरही प्रश्नचिन्ह लावावे. मी ती आजवर सोप्या गोष्टी आधी पाहा एवढ्याच अर्थाने घेत होते. तिचा दुसरा अर्थ असाही आहे, की जे कारण मनात सर्वांत आधी आणि सर्वांत ठामपणे येते त्यालाही पुरावा मागावा.

यापुढे वहीत प्रत्येक प्रयोगाला लक्षण, अंदाज, चाचणी, बदल आणि पडताळणी असे पाच रकाने राहतील, आणि बदलाच्या रकान्यात एका वेळी एकच ओळ लिहिता येईल. प्रत्येक नोंदीला क्रमांकही देत आहे. आजची नोंद क्रमांक ९.

५ जुलै

नेटवर्किंग. पोर्टचे, म्हणजे प्रत्येक नेटवर्क सेवेच्या ठरलेल्या दाराचे, आकडे नुसते घोकून टिकत नाहीत हे लक्षात आल्यावर ते कामाच्या जोड्यांनी लावले. दूरच्या यंत्रावर उघड्या मजकुरात काम करणारे टेलनेट २३ वर, तेच काम कूटबद्ध करणारे एसएसएच २२ वर. एचटीटीपी ८० आणि एचटीटीपीएस ४४३. टपाल उतरवून घेणारे पॉप३ ११० वर, तर टपाल सर्व्हरवरच ठेवून वाचू देणारे आयमॅप १४३ वर. यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीमध्ये सर्व्हर ६७ वर ऐकतो आणि मागणारे यंत्र ६८ वर. सामायिक फाइलींसाठीचे एसएमबी ४४५ आणि रिमोट डेस्कटॉप ३३८९ हे दोन एकटेच लक्षात ठेवावे लागले.

आजचा मुख्य प्रयोग डीएचसीपी बंद करण्याचा होता. राउटरमधील ती सेवा बंद केली आणि लॅपटॉप व संगणक क्रमांक २ यांचे जुने पत्ते आयपीकॉन्फिगच्या रिलीज आदेशाने सोडून दिले. थोड्या वेळाने दोघांनीही १६९.२५४ ने सुरू होणारे पत्ते स्वतःच घेतले. हा आकडा दिसला की यंत्राला डीएचसीपी सर्व्हर भेटला नाही असे समजायचे, हे वाचलेले होते. न वाचलेली गोष्ट अशी, की या स्थितीतही दोन्ही यंत्रे एकमेकांना पिंग करू, म्हणजे संकेत पाठवून उत्तर मिळवू शकत होती. केबल, नेटवर्क कार्ड आणि स्विचचा भाग ठीक होता; नव्हता तो फक्त पत्ता वाटणारा आणि गेटवे (बाहेर जाण्याचे दार) सांगणारा. म्हणजे ‘नेट चालत नाही’ या एकाच तक्रारीतून १६९.२५४ हा आकडा तारेपर्यंतचे बरेचसे संशयित बाजूला काढतो.

पिंग करण्याचा क्रमही पक्का केला : आधी १२७.०.०.१, मग स्वतःचा पत्ता, मग गेटवे, मग बाहेरचा एखादा पत्ता आकड्यांत, आणि शेवटी एखादे नाव. आकड्यांना उत्तर येते आणि नावाला येत नाही, तर डीएनएसकडे, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेकडे, वळायचे. प्रत्येक पायरी एकेक टप्पा निर्दोष ठरवते, म्हणून मधली पायरी गाळली तर मिळालेल्या उत्तराचा अर्थ लावता येत नाही.

वायफायबद्दल एवढेच : २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या १, ६ आणि ११.

१२ जुलै

लॅन केबलची टोके बसवली. तारांच्या रंगांचा ५६८बी हा ठरलेला क्रम : पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मध्ये निळी जोडी येते हे विसरून मी पहिल्या केबलच्या दोन्ही टोकांना हिरव्या दोन तारा शेजारी शेजारी बसवल्या. साध्या टेस्टरने ही केबल उत्तीर्ण केली, कारण एका टोकाची प्रत्येक पिन दुसऱ्या टोकाच्या त्याच पिनेला पोहोचत होती. तरीही या केबलवर लॅपटॉपची जोडणी सतत तुटत होती. तारांचा पीळ हा परस्परांचा गोंगाट रोखण्यासाठी असतो. मी तिसऱ्या आणि सहाव्या पिनेचा संकेत दोन वेगवेगळ्या पिळांत विभागला होता. साधा टेस्टर तार जोडलेली आहे की नाही एवढेच सांगतो, ती कोणाबरोबर पिळलेली आहे हे त्याला कळत नाही. उपकरणाने दिलेले उत्तर लिहिताना त्याने नेमका कोणता प्रश्न विचारला होता हेही आता वहीत लिहीत आहे. दुसरी केबल पहिल्याच प्रयत्नात नीट झाली.

२० जुलै

लेझर प्रिंटरच्या सात पायऱ्या : प्रोसेसिंग, चार्जिंग, एक्स्पोजिंग, डेव्हलपिंग, ट्रान्सफरिंग, फ्यूजिंग, क्लीनिंग. नुसत्या नावांवरून मला काही उमगत नव्हते. म्हणून छपाई चालू असताना मध्येच झाकण उघडले, वीज बंद केली आणि अर्ध्यावर अडकलेला कागद बाहेर काढला. फ्यूजर सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो, त्यामुळे तो भाग थंड होईपर्यंत थांबले. कागदाचा जो भाग फ्यूजरच्या पुढे गेला होता त्यावरची अक्षरे पक्की होती. जो त्याच्या अलीकडे होता त्यावरची अक्षरे बोटाने पुसली गेली. आणि जो भाग ड्रमपर्यंत पोहोचलाच नव्हता तो कोरा होता. एकाच कागदावर तीन पायऱ्या शेजारी शेजारी दिसल्या.

यामुळे लक्षणांचा अर्थ आपोआप लागू लागला. टोनर हाताला लागतो, तर फ्यूजर. ड्रमवर चित्र उमटले आहे पण कागदावर उतरत नाही, तर ट्रान्सफर. आधीच्या चित्राची फिकट सावली पुन्हा येते, तर ड्रम नीट स्वच्छ झालेला नाही. ठरावीक अंतराने तोच डाग दिसतो, तर ते अंतर मोजायचे आणि ज्या रोलरचा परीघ त्याच्याशी जुळतो तो तपासायचा. या शेवटच्या युक्तीचे मला विशेष कौतुक वाटते, कारण ती यंत्र न उघडता फक्त पट्टी घेऊन करता येते.

३ ऑगस्ट

व्हर्च्युअलायझेशन आणि क्लाउड. संगणक क्रमांक २ वर दोन व्हर्च्युअल यंत्रे उभी केली. प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशन सुविधा फर्मवेअरमध्ये (मदरबोर्डवरील मूळ सेटिंगमध्ये) बंद होती, ती आधी चालू करावी लागली. क्लाउडच्या सेवांचे प्रकार तक्त्यात लिहिले. या भागात अडचण आली नाही.

१७ ऑगस्ट

दोन पूर्ण सराव परीक्षा वेळ लावून दिल्या. दोन्ही मिळून ३४ उत्तरे चुकली. प्रत्येक चुकीजवळ तिचे कारण लिहिले तेव्हा असे दिसले, की फक्त ९ ठिकाणी मला विषय माहीत नव्हता. उरलेल्या बहुतेक ठिकाणी प्रश्नातला एकच शब्द माझ्या नजरेतून निसटला होता : सर्वप्रथम, सर्वांत योग्य, सर्वाधिक संभाव्य, पुढची कृती.

एक नमुना माझ्याच शब्दांत असा. वापरकर्ता सांगतो, की सकाळपासून सामायिक फोल्डर उघडत नाही. पर्याय : केबल बदलणे, स्विच पुन्हा सुरू करणे, इतर कोणाला हीच अडचण आहे का ते विचारणे, नेटवर्क कार्डचा ड्रायव्हर नवा घालणे. चारही कृती प्रत्यक्षात केल्या जाऊ शकतात आणि चारही कधी ना कधी बरोबर ठरतात. पण विचारणा केल्याने अडचण एका यंत्राची आहे की सर्वांची हे कळते, त्यावर पुढचे सगळे अवलंबून असते, आणि विचारल्याने काही बिघडत नाही. स्विच पुन्हा सुरू केला तर मात्र ज्यांचे काम नीट चालले होते त्यांचेही थांबते. परीक्षा क्रम विचारते तेव्हा ती हा विवेक तपासत असते. जूनमधली नोंद क्रमांक ९ मी आज पुन्हा वाचली आणि या प्रश्नांची उत्तरे पाठ करण्याची गरज वाटेनाशी झाली.

प्रत्यक्ष कृतीचे प्रश्न साधारणपणे सुरुवातीलाच येतात आणि त्यांत बराच वेळ जातो. ते खूण करून पुढे ठेवायचे, बहुपर्यायी प्रश्न संपवायचे आणि मग परत यायचे, असे ठरवले. कोरे सोडलेले उत्तर चूकच धरले जाते, म्हणून काहीही कोरे सोडायचे नाही.

३० ऑगस्ट

कोअर १ उत्तीर्ण. गुण ७३८. निकालपत्रात ज्या उद्दिष्टांवरची उत्तरे चुकली त्यांची यादी मिळते. त्यात मोबाइल उपकरणांची दोन उद्दिष्टे आहेत. तो भाग मी घाईने उरकला होता हे खरे आहे, आणि उत्तीर्ण झाले तरी ती दोन उद्दिष्टे वहीत उघडी ठेवली आहेत.

१३ सप्टेंबर

कोअर २ : ऑपरेटिंग सिस्टिम २८ टक्के, सुरक्षा २८, सॉफ्टवेअरमधील बिघाड शोधणे २३, कामाच्या कार्यपद्धती २१.

परवानग्यांचा प्रयोग दिवसभर चालला. संगणक क्रमांक २ वर एक फोल्डर सामायिक केले, शेअरच्या परवानगीत सर्वांना पूर्ण अधिकार दिला आणि एनटीएफएसच्या (डिस्कवरील फाइल व्यवस्थेच्या) परवानगीत चाचणी खात्याला फक्त वाचण्याचा. लॅपटॉपवरून नेटवर्कमार्गे लिहिता आले नाही. मग उलटे केले : शेअरमध्ये फक्त वाचणे, एनटीएफएसमध्ये पूर्ण अधिकार. नेटवर्कमार्गे पुन्हा लिहिता आले नाही. पण त्याच खात्याने संगणक क्रमांक २ समोर बसून लिहिले तेव्हा फाइल विनातक्रार जतन झाली. नेटवर्कमार्गे येणाऱ्याला दोन्ही दारांतून यावे लागते आणि त्यांतले अरुंद दार निर्णायक ठरते. समोर बसलेल्याला शेअरचे दार लागतच नाही. ‘माझ्या सहकाऱ्याला जमते, मला जमत नाही’ अशी तक्रार आली तर दोघे कुठे बसून काम करतात हे आधी विचारले पाहिजे.

खराब झालेल्या प्रणाली फाइलींसाठी एसएफसी स्कॅननाऊ चालवायचे हे माहीत होते. ते साधन ज्या साठ्यातून निरोगी प्रत घेते तो साठाच खराब असेल, तर एसएफसीला दुरुस्ती करता येत नाही; तेव्हा आधी डिझम या दुसऱ्या साधनाने साठा दुरुस्त करायचा आणि मग एसएफसी पुन्हा चालवायचे. येथेही प्रश्न क्रमाचाच आहे.

४ ऑक्टोबर

मालवेअर काढण्याची पद्धत. लक्षणांची खात्री करणे, यंत्र इतरांपासून वेगळे करणे, सिस्टिम रिस्टोअर (संगणक आधी जतन केलेल्या बिंदूवर परत नेणारी सोय) बंद करणे, संरक्षक सॉफ्टवेअर अद्ययावत करून तपासणी व सफाई करणे, पुढील तपासण्यांचे वेळापत्रक लावून अद्यतने घेणे, सिस्टिम रिस्टोअर पुन्हा चालू करून नवा बिंदू तयार करणे, आणि वापरकर्त्याला समजावून सांगणे.

सिस्टिम रिस्टोअर सफाईच्या आधी का बंद करायचे हे मला बरेच दिवस उलटे वाटत होते, कारण सावधगिरी म्हणून परतीचा मार्ग ठेवावा असे मन सांगते. पण त्या जुन्या बिंदूंमध्ये दूषित फाइली साठवलेल्या असू शकतात, आणि सफाईनंतर कोणी त्यांतला एखादा वापरला तर सगळे पुन्हा परत येते. येथे परतीचा मार्गच धोक्याचा असतो. यंत्र वेगळे करणे इतके आधी का, याचेही कारण सरळ आहे : तपासणी चालू असतानाचा प्रत्येक मिनिट ते यंत्र नेटवर्कवर राहिले तर शेजारची यंत्रे धोक्यात राहतात.

खऱ्या मालवेअरला हात न लावता हा क्रम एका व्हर्च्युअल यंत्रात आयकार या ६८ अक्षरांच्या निरुपद्रवी चाचणी फाइलवर करून पाहिला. संरक्षक सॉफ्टवेअरने ती लगेच पकडली. वापरकर्त्याला समजावण्याची पायरी मी मोठ्याने बोलून पाहिली आणि पहिल्या प्रयत्नात माझे बोलणे दोष दिल्यासारखे झाले. ‘तुम्ही हे उघडायला नको होते’ या वाक्याऐवजी ‘असा संदेश पुन्हा आला तर उघडण्याआधी मला कळवा’ हे वाक्य लिहून ठेवले. असे बोलल्यावर माणूस पुढच्या वेळी लपवणार नाही.

१५ ऑक्टोबर

काल, १४ ऑक्टोबर रोजी, विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी यंत्रणा), किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण लागते. संगणकात टीपीएम नाही असा निष्कर्ष काढण्यापूर्वी फर्मवेअर पाहिले पाहिजे, कारण अनेक यंत्रांत ते असूनही बंद ठेवलेले असते. संगणक क्रमांक १ मध्ये ते खरोखरच नाही, म्हणून त्यावर लिनक्स घातले आणि त्या निमित्ताने सूचीतले आदेश रोज वापरात आले. फाइलीच्या परवानग्या ठरवणारा आदेश चमोड; त्यात ७५४ म्हणजे मालकाला वाचणे, लिहिणे, चालवणे; गटाला वाचणे आणि चालवणे; इतरांना फक्त वाचणे. ४, २ आणि १ यांची बेरीज हाताने केल्यावर हे पुन्हा विसरले नाही.

१ नोव्हेंबर

मावशीचा फोन आला. कोणतेही संकेतस्थळ उघडले, की जोडणी सुरक्षित नसल्याचा इशारा येत होता.

“मावशी, हे कधीपासून होतंय?”

“परवापासून गं. बँकेचं पान उघडत नाही, मेल उघडत नाही.”

“त्याआधी संगणकात काही बदल केला होता का?”

“छे, मी कशालाही हात लावलेला नाही.”

येथे मी थांबले. बदल केला का, या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ नेहमीच नकारार्थी येते, कारण त्यात आपलीच चूक विचारली जात आहे असे ऐकणाऱ्याला वाटते. म्हणून संगणकाबद्दल न विचारता खोलीबद्दल विचारले.

“त्या खोलीत मध्यंतरी काही हलवाहलव झाली का?”

“हो, रंग द्यायचा होता ना. चार दिवस सगळ्या वायरी काढून टेबल बाहेर ठेवलं होतं.”

“बरं, पडद्याच्या खाली उजव्या कोपऱ्यात तारीख काय दिसते ते वाचतेस?”

मावशीने वाचलेली तारीख कित्येक वर्षे जुनी होती. संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला आरंभाची आणि समाप्तीची तारीख असते. संगणकाला ज्या काळात आपण आहोत असे वाटते त्या काळात ते प्रमाणपत्र अस्तित्वातच आलेले नसेल, तर ब्राउझर ते नाकारतो. तारीख मागे जाण्याचे कारण मी २१ जूनला स्वतः बॅटरी काढून पाहिले होते. फोनवर तिला तारीख आणि वेळ हाताने दुरुस्त करायला सांगितली, तेव्हा बँकेचे पान उघडले. इशारा दुर्लक्षून पुढे जाण्याचा पर्याय वापरायचा नाही, हेही सांगितले, कारण पुढच्या वेळी तो इशारा खरा असू शकतो.

संध्याकाळी जाऊन बॅटरी मोजली. सीआर२०३२ प्रकारची ही बॅटरी ३ व्होल्टची असते; मापकावर २.१ दिसले. नवी बसवण्याआधी फर्मवेअरच्या सर्व पानांची छायाचित्रे काढली आणि बसवल्यावर एकेक सेटिंग त्यांच्याशी ताडून पाहिले. नोंद क्रमांक ४१, पडताळणी बाकी.

२२ नोव्हेंबर

कोअर २ उत्तीर्ण. गुण ७६१. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची असल्यामुळे नूतनीकरणाची तारीख २२ नोव्हेंबर २०२८ अशी लिहून ठेवली. निकालपत्रात चुकलेल्या उद्दिष्टांमध्ये स्क्रिप्टिंगचे एक आहे. ऑगस्टमधल्या मोबाइलच्या दोन उद्दिष्टांसह ती तीन वहीत उघडी आहेत आणि डिसेंबरमध्ये संगणक क्रमांक १ वर छोट्या शेल स्क्रिप्टपासून सुरुवात करणार आहे.

परतताना मावशीकडे गेले. काल रात्री झोपण्यापूर्वी तिने मी सांगितल्याप्रमाणे संगणकाची वायर भिंतीतून काढून ठेवली होती. आज ती लावून संगणक सुरू केला आणि विंडोज सुरू होऊ न देता आधी फर्मवेअरमधील घड्याळ पाहिले, म्हणजे इंटरनेटवरून वेळ दुरुस्त झाल्याचा घोळ राहू नये. तारीख बरोबर होती, वेळही मिनिटापर्यंत जुळली. नोंद क्रमांक ४१ बंद केली.